रक्त येणारी हिरडी : एका लक्षणाचा इतिहास

सकाळी दात घासून झाल्यावर तुम्ही बेसिनमधल्या फेसाचा रंग पाहता का? मी कित्येक वर्षे पाहत नव्हतो. नोएडातल्या महाविद्यालयाची बस गाठायची घाई असायची. कधी गुलाबी झाक दिसलीच तर ब्रश कडक असेल असे समजून त्या बाजूला हात हलका करायचो. हा उपाय नेमका उलटा आहे, हे वयाच्या ४३व्या वर्षी कळले, तेही भारतीय ज्ञान परंपरेच्या तासासाठी सुश्रुतसंहिता वाचताना. म्हणून या टिपणात यंत्रे आणि धातू बाजूला ठेवून हिरड्यांकडे वळू.

सुश्रुताने मुखरोगांची संख्या ६५ दिली आहे. त्यांतले १५ दंतमूलाचे, म्हणजे हिरड्यांचे. पहिलाच 'शीताद': कारण नसताना हिरडीतून रक्त येते, दुर्गंधी सुटते, हिरडी काळसर, ओलसर आणि मऊ होऊन झडते. 'दंतवेष्टा'त पू आणि रक्त येते व दात हलू लागतात. आजच्या दंतवैद्याला ही वर्णने चटकन ओळखू येतील. शीतादावर आधी दूषित रक्त काढायचे आणि मग सुंठ, मोहरी, त्रिफळा, नागरमोथा यांच्या काढ्याच्या गुळण्या, असा उपचार दिला आहे.

आता एक गंमत लक्षात घ्या. दातांवर साचून घट्ट झालेल्या मळाला सुश्रुत 'दंतशर्करा' म्हणतो. हिरडीला इजा न करता ती काढावी आणि नंतर लाखेचे चूर्ण मधातून चोळावे, असे सांगतो. त्यासाठी 'दंतशंकू' नावाचे शस्त्रही आहे. पण दंतशर्करा दातांच्या रोगांच्या यादीत आहे आणि शीताद हिरड्यांच्या यादीत. शीतादाचे कारण म्हणून कफ आणि रक्त यांचा दोष सांगितला आहे, शर्करा नव्हे. दोन्ही निरीक्षणे एकाच ग्रंथात, काही श्लोकांच्या अंतरावर आहेत, पण त्यांना जोडणारी रेघ ओढलेली नाही. 'आपल्याकडे सगळे आधीच ठाऊक होते' असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला मी हेच उदाहरण देतो, आणि 'काहीच ठाऊक नव्हते' म्हणणाऱ्यालाही.

ही रेघ ओढायला फार काळ लागला. दहाव्या शतकात कॉर्डोबाच्या अल-जहरावीने दात खरवडण्याच्या हत्यारांच्या आकृत्या काढल्या. १६८३मध्ये लेव्हेनहूकने स्वतःच्या दातांवरच्या पांढऱ्या थरात सूक्ष्म जीव वळवळताना पाहिले. १८७६मध्ये अमेरिकेतल्या जॉन रिग्जने ठामपणे मांडले की दातांवरचा साठा हेच हिरड्यांच्या रोगाचे मूळ आहे आणि तो मुळापर्यंत खरवडून काढलाच पाहिजे. (१८४४मध्ये हसवणारा वायू देऊन होरेस वेल्सचा दात काढणारा तो हाच रिग्ज.) तरीही १९१०नंतर विल्यम हंटर यांच्या व्याख्यानाने भलतीच दिशा दिली. तोंडातला जंतुसंसर्ग साऱ्या शरीराला पोखरतो, या भीतीपोटी वाचवता येतील असेही दात उपटले जाऊ लागले. आपल्याकडे 'पायोरिया' हा शब्द अजूनही त्याच भीतीने उच्चारला जातो.

निर्णायक पुरावा १९६५चा. डेन्मार्कमध्ये हाराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे बंद करायला लावले. १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. घासणे पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्यात पूर्ववत झाल्या. म्हणजे रक्त येते म्हणून घासणे कमी करणारा मी हाच प्रयोग स्वतःवर वर्षानुवर्षे करत होतो, फक्त त्याचा दुसरा अर्धा भाग न करता.

ल्यो यांनीच श्रीलंकेच्या चहामळ्यांतल्या ४८० कामगारांना १९७० ते १९८५ अशी १५ वर्षे तपासले. यांपैकी कोणीही ब्रश वापरत नव्हते. तरी सुमारे ८ टक्क्यांचा रोग वेगाने वाढला, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांमध्ये तो हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही. मळ सारखाच, पण माणसे वेगळी. 'आमच्या आजोबांनी कधी ब्रश धरला नाही, तरी दात शाबूत होते' असे कोणी म्हणाले तर ते खोटे नसेल. आजोबा त्या अकरांतले असतील.

मराठी घरांत आजीची बात मात्र वेगळी होती. माझी आजी मशेरी लावायची. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची ती पूड हिरड्या घट्ट करते, असा तिचा विश्वास होता. तंबाखू वापरणाऱ्यांच्या, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांच्या, हिरड्यांतून रक्त कमी येऊ शकते. आत रोग चालू असतो आणि बाहेरची खूण पुसली जाते. केंद्र सरकारने १९९२मध्ये तंबाखू असलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनांवर बंदी घातली. १९९७मध्ये दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. त्यानंतरही २०११मध्ये दिल्लीच्याच औषधनिर्माण संस्थेतल्या संशोधकांना बाजारातल्या काही पेस्ट आणि मंजनांत निकोटीन सापडले.

भारतीय दंत परिषदेने २००४मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ३५ ते ४४ वयोगटातल्या दहापैकी जवळपास नऊ जणांत हिरड्यांचा काही ना काही विकार आढळला. एवढ्या लोकांना तो कळत का नाही? कारण तो बहुधा दुखत नाही. म्हणून तो मोजावा लागतो. दंतवैद्य बोथट टोकाची, खुणा असलेली सळई दात आणि हिरडीच्या फटीत जेमतेम २० ते २५ ग्रॅम जोराने सरकवतो. आपल्या कार्यशाळेतल्या डेप्थ गेजचीच ही भावंड. ३ मिलिमीटरपर्यंत खोली ठीक. त्यापुढे कप्पा तयार झालेला असू शकतो. ५-६ मिलिमीटर असेल तर बहुधा एक्स-रेमध्ये हाडही खाली सरकलेले दिसते, आणि ते हाड सहसा आपोआप परत येत नाही.

उपचार रिग्जच्याच वाटेने जातो: हिरडीच्या वरचा आणि खालचा साठा काढणे, काही आठवड्यांनी पुन्हा मोजणे, कप्पा उरलाच तर हिरडी उघडून सफाई, आणि त्यानंतर दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी. मधुमेह असेल तर साखरही आटोक्यात हवी, कारण दोन्ही रोग एकमेकांना बळ देतात. 'सफाई केली की दात हलतात' हे तुम्ही ऐकले असेलच. साठ्याचा आधार गेला आणि सूज उतरली की फटी दिसू लागतात, काही दिवस थंडगारही झोंबते. दात सैल आधीच झालेला असतो. ही समजूत मीही बाळगून होतो, आणि तिच्यापायी दोन वर्षे दवाखान्याची पायरी चढलो नाही.

माझ्या पहिल्या मोजणीत चार ठिकाणी ६ मिलिमीटर निघाले. दोन महिन्यांनी तीन ठिकाणी ४ झाले. उजवीकडच्या मागच्या दाढेजवळचा कप्पा अजून ६च आहे, आणि तिथली हिरडी उघडायची तारीख सत्रपरीक्षा संपल्यानंतरची घेतली आहे.