१,७६,६३,१९,०४९ : एका ज्येष्ठमूलाची साक्ष

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त (इ. स. ११५०) वर्गप्रकृतीचे एक उदाहरण आहे. कोणत्या संख्येच्या वर्गास ६१ ने गुणून त्यात १ मिळविला असता पुन्हा पूर्णवर्गच येतो? उत्तर असे : कनिष्ठमूल २२,६१,५३,९८० व ज्येष्ठमूल १,७६,६३,१९,०४९. धन पूर्णांकांत याहून लहान उत्तर नाही.

शेजारच्या प्रकृती पाहिल्या म्हणजे या संख्येचे वैशिष्ट्य ध्यानात येते. प्रकृती ६० असता मुळे ४ व ३१, तर ६२ असता ८ व ६३ अशी अगदी लहान आहेत. याचे कारण आधुनिक परिभाषेत सांगता येते. ६० व ६२ यांच्या वर्गमुळांच्या परंपरित अपूर्णांकांचे आवर्तन चारच पदांचे आहे. ६१ चे मात्र अकरा पदांचे. शिवाय ते विषम असल्याने प्रथम ऋण १ हा क्षेप लाभतो व धन १ साठी दुप्पट मार्ग चालावा लागतो.

भास्कराचार्य मात्र थोड्याच पायऱ्यांत उत्तर गाठतात. कनिष्ठ १, ज्येष्ठ ८ व क्षेप ३ हा आरंभ होय. ८ मध्ये मिळविली असता बेरजेस ३ ने भाग जाईल व जिचा वर्ग ६१ च्या निकट असेल अशी संख्या ७. तिच्या योगाने चक्रवालाची एकच फेरी ५ व ३९ ही मुळे आणि ऋण ४ हा क्षेप देते. मुळे निम्मी केली की क्षेप ऋण १ होतो. पुढे ब्रह्मगुप्ताच्या (इ. स. ६२८) भावनेने ३८०५ व २९७१८ ही ऋण १ क्षेपाची पूर्णांक मुळे निघतात, आणि त्यांची स्वतःशीच भावना केली असता इष्ट मुळे सिद्ध होतात.

फेर्माने १६५७ मध्ये फ्रेनिक्लला हीच प्रकृती घातली. ब्राउंकर व वॉलिस यांनी असे प्रश्न सोडविण्याची रीत दिली. ऑयलरने मात्र तिचे श्रेय चुकून पेलला दिले. उत्तर नेहमी असतेच, याची उपपत्ति लाग्रांजने १७६८ च्या सुमारास सिद्ध केली.

आता श्रेयाचा विचार. बावीस कोटींहून अधिक संख्या एकेक करून तपासणे मनुष्यास अशक्य. तेव्हा ही संख्या ग्रंथात असणे हाच रीत हाती असल्याचा पुरावा होय. परंतु रीत हाती असणे आणि ती सर्वत्र फलदायी ठरते हे सिद्ध करणे या भिन्न गोष्टी आहेत. चक्रवालाविषयीची ही सिद्धता कृष्णस्वामी अय्यंगार यांनी १९२९–३० मध्ये दिली. ही रीत परंपरित अपूर्णांकाच्या रूढ रीतीहून वेगळी आहे, हेही त्यांनी दाखविले. शिवाय उदयदिवाकराच्या १०७३ मधील टीकेत जयदेवाची वचने कृपाशंकर शुक्ल यांना आढळली व १९५४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांवरून चक्रवाल भास्कराचार्यांच्याही पूर्वीचे ठरते.

यास्तव भास्कराचार्यांस लाग्रांजचे पूर्वसूरी म्हणताना लाग्रांजची उपपत्ति त्यांच्या पदरी घालू नये. आणि उपपत्ति लिहिलेली नाही म्हणून हे उत्तर केवळ गणनाकौशल्याचे फळ, असेही मानू नये.