निवळ पाणी, निर्मळ पाणी

मराठीत पाण्यासाठी दोन शब्द अगदी शेजारी बसतात: निवळ आणि निर्मळ. निवळ म्हणजे ज्यातला गाळ खाली बसला ते. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की हंड्यात तुरटी फिरवायची, किंवा मडक्याच्या आतून निवळीचं बी उगाळायचं, ही जुनी रीत. पेशव्यांनी कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत पाणी नेलं, तेव्हाही वरच्या तलावात गाळ बसू द्यायचा आणि निवळलेलं पाणी पुढे सोडायचं, हाच विचार होता. डोळ्यांना घाण दिसेनाशी झाली की पाणी चांगलं, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या धरून चाललो. हा समज किती अपुरा आहे ते कळायला माणसाला काचेच्या टाकीत मासे पाळावे लागले.

मी हिवरा आश्रमला राहतो. बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यात. पुण्यातल्या एका कंपनीसाठी घरूनच सॉफ्टवेअर लिहितो. टेबलाशेजारी साठ लिटरची टाकी आहे, तिच्यात गप्पी आणि मॉली. गावात ओळखीच्या तीन-चार घरांत अशा टाक्या आहेत आणि त्या धुण्याची पद्धत सगळीकडे सारखीच. मासे बादलीत काढायचे, सगळं पाणी ओतून द्यायचं, खडे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुवायचा, टाकी लखलखीत करून पुन्हा भरायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडतात. दुकानदार सांगतो, "पाणी लागलं नाही," आणि निळ्या औषधाची बाटली देतो. पाणी तर आरशासारखं असतं. मग मासे का मरतात? याचं उत्तर शोधायला दीडशे-पावणेदोनशे वर्षं मागे जावं लागतं.

1846 साली ॲना थिन या बाईंनी इंग्लंडच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला नेले. समुद्राचं पाणी पुन्हा पुन्हा आणणं परवडणारं नव्हतं. म्हणून घरातली मोलकरीण रोज उघड्या खिडकीपाशी उभी राहून अर्धा-पाऊण तास ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत असे. आपण चहा गार करतो तसं. आज एअर पंप जे काम करतो, ते तेव्हा त्या बाईचे हात करत होते.

1849 मध्ये लंडनचाच रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने दुसरी वाट धरली. काचेच्या टाकीत त्याने दोन गोल्डफिश सोडले आणि व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती लावली. वनस्पतीची पानं कुजू लागली, तेव्हा ती खायला गोगलगायी आणल्या. वनस्पती प्राणवायू देईल, मासे श्वास घेतील, गोगलगायी कुजकं खातील, असा त्याचा ताळेबंद. टाकी चालली. काही वर्षांतच फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकाने इंग्लंडमध्ये घरोघरी काचेच्या टाक्यांचं वेड पसरलं. लोकांनी टाक्या घेतल्या, मासे दाटीवाटीने भरले, आणि पुष्कळ टाक्या नासल्या. ताळेबंदात एक मोठी नोंद राहून गेली होती.

विल्यम आल्फर्ड लॉइड हा माणूस त्या नोंदीच्या जवळ पोहोचला. 1871 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्याने मत्स्यालय उभं केलं. समुद्र दूर होता, पाणी ब्राइटनहून रेल्वेने आणावं लागे. लॉइडने दर्शनी टाक्यांच्या कितीतरी पट मोठा हौद खाली अंधारात बांधला आणि पंपांनी पाणी रात्रंदिवस वर-खाली फिरतं ठेवलं. पाणी बदलायचं नाही, फिरवायचं, हा त्याचा आग्रह. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये मरीन ड्राइव्हवर उभं राहिलं, तेव्हा समुद्र समोरच होता. टँकरची वाट बघणाऱ्या आमच्यासारख्यांना लॉइड जास्त जवळचा वाटतो. पाणी विकत घ्यावं लागलं की माणूस ते जपायची युक्ती शोधतोच.

पण फिरवल्याने पाणी सुधारतं का, हे लॉइडच्या काळात नीट कळलेलं नव्हतं. उत्तर मत्स्यालयातून आलं नाही, सांडपाण्यातून आलं. 1877 मध्ये श्लोसिंग आणि म्युंट्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या उभ्या नळीतून सांडपाणी हळूहळू सोडलं. वीस दिवस काहीच घडलं नाही, अमोनिया जसा आत जाई तसाच बाहेर येई. मग खालून नायट्रेट येऊ लागलं आणि अमोनिया संपला. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडल्यावर हे काम थांबलं. थोड्या मातीचं धुवण घातल्यावर काही दिवसांनी परत सुरू झालं. म्हणजे नुसती वाळू काही करत नव्हती. वाळूवर कोणीतरी राहत होतं.

हा धागा इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या शेतकी प्रयोगकेंद्रात एका रसायनशास्त्रज्ञाने उचलला. त्याने दाखवलं की काम दोन टप्प्यांत होतं: अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्राइटचं नायट्रेट. त्याचंही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. गोल्डफिशवाल्या वॉरिंग्टनचा हा मुलगा. बापाची टाकी चालू झाली तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता. बापाच्या हिशेबातून सुटलेली नोंद लेकाने शोधली, पण ती माशांसाठी नाही, शेतातल्या मातीसाठी. हे जीव वेगळे काढायचं यश 1890 मध्ये विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाला मिळालं.

त्या जिवांची ओळख अजून पुरती झालेली नाही. 2005 मध्ये सिएटलच्या मत्स्यालयातल्या एका टाकीतून अमोनियावर जगणारा जीव वेगळा काढला. तो जिवाणूही नव्हता, आर्किया या निराळ्या कुळातला होता. आमच्या जिल्ह्यातलं लोणारचं सरोवर जून 2020 मध्ये गुलाबी झालं, ते याच कुळातल्या खारप्रेमी भाऊबंदांमुळे. तिथे ते रंगाने दिसले. टाकीत ते दिसत नाहीत, इतकाच फरक.

आता आमच्या टाक्यांकडे येऊ. मासे कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतात, उरलेलं खाणं कुजून त्यात भर घालतं. अमोनियाला रंग नाही, पाणी निवळच दिसतं. आमच्या बोअरचं पाणी जड, पीएच सातच्या वर, त्यात मे महिन्याचा उन्हाळा. पीएच आणि उष्णता वाढली की तोच अमोनिया जास्त विषारी होतो. त्याला पचवणारी वस्ती राहते स्पंजवर, खड्यांवर, काचेवर. नळाच्या पाण्यात ग्रामपंचायतीने टाकलेली टीसीएल पावडर असते. ती पिण्याच्या पाण्यातले रोगजंतू मारते आणि ते आवश्यकच आहे. पण त्याच नळाखाली धुतलेल्या स्पंजावर ती श्लोसिंग-म्युंट्झच्या क्लोरोफॉर्मचं काम करते. टाकी लखलखीत होते आणि पहिल्या दिवसावर जाते. पुढचे वीस दिवस माशांनी काढायचे असतात.

म्हणून फिल्टरकडे गाळणी म्हणून बघू नये, चाळ म्हणून बघावं. तिथल्या बिऱ्हाडांना अन्न आणि प्राणवायू पोहोचवणं, हे प्रवाहाचं काम. साठ लिटरच्या टाकीला तासाला अडीचशे-तीनशे लिटर पाणी फिरलं तर पुरतं. पंपाच्या खोक्यावरचा आकडा मात्र रिकाम्या पंपाचा असतो. पाणी वर चढवताना आणि स्पंज भरल्यावर तो बराच उतरतो. फिल्टरचं तोंड असं वळवावं की पृष्ठभाग हलता राहील आणि मागच्या कोपऱ्यातला कचराही निघेल. साधा स्पंज फिल्टर सगळ्यांत स्वस्त: नळीतून बुडबुडे वर जाताना पाणी ओढतात आणि ते पाणी स्पंजातून येतं. प्रवाह मंदावला की टाकीतूनच काढलेल्या पाण्यात स्पंज हलका पिळावा.

आमच्याकडे वीज जाते, तेव्हा हाच प्रवाह थांबतो. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये काही तासांत प्राणवायू संपतो आणि वस्ती गुदमरू लागते. म्हणून मी बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप जोडून ठेवला आहे. दर आठवड्याला पंधरा लिटर पाणी बदलतो. नवं पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवतो, क्लोरीन उडून जातो. काढलेल्या पाण्यात नायट्रेट असतं. ते अंगणातल्या कढीपत्त्याला आणि वांग्यांना जातं.

मे महिन्यात टँकरमागे हंडे लागलेले असताना साठ लिटर स्वच्छ पाणी मोरीत ओतून देणं मला बघवत नाही. मासे जगवायला ते ओतायची गरजच नाही, हे कळायला एका मोलकरणीचे दमलेले हात, एक बाप, एक लेक आणि वाळूची एक नळी लागली. आता शेजारच्या घरातली टाकी हिरवट दिसते, खड्यांवर बुळबुळीत थर आहे. मासे मात्र दिवाळीपासून तेच आहेत.