व्हिनेगर, कापूस आणि चार फेऱ्या

आजचा इतिहास आहे व्हिनेगरचा. हो, चायनीजच्या गाडीवर असतं तेच.

गर्भाशयमुखाचा कर्करोग एका रात्रीत होत नाही. आधी पेशी बिघडतात, मग कर्करोग व्हायला सहसा दहा-पंधरा वर्षं जातात. म्हणजे पकडायला वेळ असतो. न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या जॉर्ज पापानिकोलाऊ या ग्रीक डॉक्टरने १९४१ साली हर्बर्ट ट्राउटसोबत शोधनिबंध लिहिला आणि पॅप टेस्टचा रस्ता खुला झाला. पण तिला प्रयोगशाळा लागते, स्लाइड वाचणारा तज्ज्ञ लागतो. आपल्या गावात हे आणायचं कुठून?

मग सोपा उपाय आला. पातळ व्हिनेगर कापसाने लावायचं, मिनिटभर थांबायचं. बिघडलेला भाग पांढरा दिसतो.

तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ मध्ये मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि मुंबईचं टाटा रुग्णालय त्यात होतं. १ लाख ३१ हजारांवर महिला, चार गट. तीन गटांत एकेकदाच तपासणी : एचपीव्ही विषाणूची, पॅप किंवा व्हिनेगरची. २००९ मध्ये निकाल आला. एचपीव्ही गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात ६४. पॅप आणि व्हिनेगरने मात्र मृत्यू फारसे घटले नव्हते.

म्हणजे व्हिनेगर बाद? थांबा. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून तीच तपासणी दर दोन वर्षांनी केली, चार फेऱ्या. करणाऱ्या होत्या दहावी शिकलेल्या, महिनाभर प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका. २०१३ चा निकाल : मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी!

दोन्ही अभ्यास वेगळे, हे मान्य. तरी मला त्यातून एकच गोष्ट दिसते : साधी तपासणीही जीव वाचवते, पण ती पुन्हा पुन्हा व्हायला हवी.

एक गोष्ट मात्र मला टोचते. तुलनेसाठी ठेवलेल्या गटांतल्या बायकांना माहिती दिली गेली, तपासणी केली गेली नाही. यावर पुढे बराच वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. ते ६४ मृत्यू नुसता आकडा नाही. आज आपल्याला जे ठामपणे माहीत आहे, त्याची किंमत त्या बायकांनी मोजली.

आणि आपण त्या ज्ञानाचं काय केलं? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या फक्त १.९ टक्के भारतीय महिलांनी ही तपासणी कधीतरी करून घेतली होती. कधीतरी, बरं का. नियमित तर दूरच.

म्हणून आज आईला, मावशीला, तिशी ओलांडलेल्या ताईला विचारा, "तुझी शेवटची तपासणी कधी झाली?" जागतिक आरोग्य संघटना सांगते, एचपीव्ही चाचणी दर ५ ते १० वर्षांनी, पॅप किंवा व्हिनेगरची दर ३ वर्षांनी. नेमकं कधी, ते डॉक्टर सांगतील. रिपोर्ट नॉर्मल आला तरी पुढची तारीख लगेच फोनमध्ये टाका. रिमाइंडर लावणं आपल्याला जमतं ना? मग लावा. भेटू पुढच्या भागात.