तळटीप १२ : ‘गूल्डची पाने’

जॉन गूल्ड (१८०४–१८८१) : इंग्रज पक्षितज्ज्ञ व प्रकाशक, मूळचा मेलेल्या पक्ष्यांत पेंढा भरणारा कारागीर. हिमालयातील पक्ष्यांवरचा त्याचा पहिला चित्रग्रंथ १८३०–३२ मध्ये लंडनला निघाला. गूल्ड कच्ची रेखाटने करी. ती शिळाछापासाठी दगडावर उतरवण्याचे काम पत्नी एलिझाबेथकडे असे. १८४१ मध्ये बाळंतरोगाने ती वारली. पुढे हे काम रिक्टर, हार्ट आदी चित्रकारांनी केले. छाप हाताने रंगवून वर्गणीदारांना हप्त्याहप्त्याने पाठवले जात. गूल्डच्या मृत्यूनंतर शिल्लक साठा लंडनच्या सॉदरन या ग्रंथविक्रेत्यांनी घेतला. पुढे कित्येक संच उसवून सुटी पाने चौकटीत घालून विकली गेली. लेखकाने पाहिली ती अशीच. एलिझाबेथने केलेल्या छापांनाही बाजार ‘गूल्ड’च म्हणतो.