रस्स्यात न वाढणारा जंतू

पावसाळा सरत आला की आपल्या विदर्भात स्क्रब टायफसच्या बातम्या सुरू होतात. 2018 साली नागपूर आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांत रुग्ण सापडले, काही दगावले, तेव्हापासून हे नाव घराघरात पोचलं. या आजाराची बातमी केली की मला हमखास एक प्रश्न येतो. "रक्ताचं कल्चर केलं, त्यात काहीच नाही निघालं, मग हा आजार आला कुठून?" प्रश्न रास्त आहे. उत्तर सव्वाशे वर्षांच्या इतिहासात आहे, म्हणून आजची पोस्ट जरा लांब.

सुरुवात मुंबईपासून. 1896 साली तिथे प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लशीच्या मागे लागले. त्यांनी मांसाच्या रस्स्यात प्लेगचे जंतू सोडले आणि वर चक्क तुपाचे थेंब टाकले. त्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढायचे. 10 जानेवारी 1897 ला त्यांनी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. प्लेगचा जंतू कितीही भयंकर असला तरी जेवणाच्या बाबतीत सोपा होता. रस्सा दिला की वाढला.

टायफसचे जंतू मात्र रस्सा, अगार कशालाच दाद देईनात. त्यांच्या शोधात माणसं गेली. अमेरिकेचे हॉवर्ड रिकेट्स 1910 साली मेक्सिकोत टायफसनंच वारले. 1915 साली जर्मनीतल्या युद्धकैद्यांच्या छावणीत काम करताना स्टॅनिस्लाउस फॉन प्रोवाझेक गेले. पुढच्याच वर्षी त्यांचे सहकारी हेन्रिक दा रोशा लिमा यांनी या जंतूला दोघांचं मिळून नाव दिलं : रिकेट्सिया प्रोवाझेकी.

अडचण अशी की हे जंतू जिवंत पेशीच्या आत शिरूनच वाढतात. जगायला लागणाऱ्या कित्येक गोष्टी ते स्वतः बनवत नाहीत, यजमान पेशीकडून उचलतात. पेशी मेली की यांचाही खेळ खल्लास.

मग पोलंडच्या रुडॉल्फ वाइगल यांनी उवाच पाळल्या. एकेका उवेला बारीक सुईनं जंतू टोचायचे, माणसांच्या पायावर बांधून रक्त पाजायचं आणि शेवटी तिची आतडी काढून लस करायची. दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या ताब्यातल्या ल्वूव शहरात स्टेफान बानाख यांच्यासारख्या थोर गणितज्ञानं या उवांना आपलं रक्त पाजलं. त्या कामाच्या ओळखपत्रामुळे अनेकांचा जीव वाचला.

1938 साली अमेरिकेत हेराल्ड कॉक्स यांनी कोंबडीच्या अंड्याची वाट शोधली. पिल्लू वाढत असलेल्या अंड्यातल्या बलकाच्या पिशवीत हे जंतू भरपूर वाढले. चीनच्या तांग फेइफान यांनी याच पद्धतीनं खुपऱ्यांचा जंतू वाढवला आणि 1957 साली ते जाहीर केलं. खात्रीसाठी तो स्वतःच्या डोळ्यात घालून घेतला. 1958 साली राजकीय छळामुळे या माणसानं आत्महत्या केली.

अंड्यानंतर आल्या पेशींच्या बाटल्या. उंदराच्या एल 929 पेशी, किंवा जपानमध्ये 1962 साली आफ्रिकन माकडाच्या मूत्रपिंडापासून तयार झालेल्या व्हेरो पेशी. बाटलीच्या तळाशी पेशींचा पातळ थर धरतो, त्यावर रुग्णाचा नमुना सोडतात. विषाणू वाढवणारा माणूस बाहेरचे जिवाणू घुसू नयेत म्हणून बाटलीत अँटिबायोटिक टाकतो. इथे तर जिवाणूच जगवायचा आहे, त्यामुळे औषध फार जपून निवडावं लागतं. स्क्रब टायफसचा जंतू, म्हणजे ओरिएन्शिया सुत्सुगामुशी, सावकाश वाढतो, कधीकधी काही आठवडे लागतात. शिवाय काम करणाऱ्यालाच लागण होऊ शकते, म्हणून कडक सुरक्षेची प्रयोगशाळा हवी. हे काम तालुक्याच्या लॅबमध्ये होणारं नाही.

आता मूळ प्रश्नाचं उत्तर. आपल्या दवाखान्यातली कल्चरची बाटली म्हणजे हाफकिनच्या रस्स्याचीच नात. तिच्यात स्क्रब टायफस वाढतच नाही. म्हणून "कल्चरमध्ये काही नाही" याचा अर्थ "आजार नाही" असा होत नाही. बऱ्याच ठिकाणी वाइल-फेलिक्स ही 1916 सालच्या पद्धतीची चाचणी अजून चालते. तिच्यात भलत्याच जिवाणूच्या आधारे अंदाज बांधतात, त्यामुळे अनेक रुग्ण निसटतात. एलायझा जास्त भरवशाची, पण अँटिबॉडी दिसायला आठवडाभर जातो. म्हणूनच दाट संशय असेल तर रिपोर्टची वाट न बघता उपचार सुरू करावेत, असं आयसीएमआरच्या सूचनाच सांगतात. औषध आहे डॉक्सिसायक्लिन, स्वस्त आणि जुनं. लस अजूनही नाही.

हा आजार गवतातल्या माइटच्या बारक्या अळीच्या चाव्यातून होतो. चावा दुखत नाही. काखेत, जांघेत, कमरेपाशी सिगारेटचा चटका बसल्यासारखा काळा डाग पडतो, पण तो सगळ्यांना दिसतोच असं नाही. निंदणीला, गवत कापायला गेलेल्या माणसाचा ताप चार-पाच दिवसांत उतरला नाही, तर डॉक्टरांना "मी शेतात होतो" हे आधी सांगा. डाग असेल तर लाजू नका, दाखवा.

आणि एक काम आपल्या सगळ्यांचं. आपल्या उपजिल्हा रुग्णालयात एलायझाची सोय आहे का, नमुना कुठे जातो, रिपोर्ट किती दिवसांनी येतो, हे पुढच्या बैठकीत विचारा. मीही विचारणार आहे, आणि जे उत्तर मिळेल ते इथेच लिहीन.