उतरंडीचे सामर्थ्य आणि तिची सीमा



उतरंडीचा नियम घरोघरी ठाऊक आहे: शेवटी ठेवलेले मडके आधी उतरवावे लागते. विसाव्या शतकाच्या मध्यास हाच नियम संगणकशास्त्रात आला आणि ‘यंत्राला काय साधेल?’ या प्रश्नाचे एक मर्मग्राही उत्तर त्यातून हाती आले.

गरज प्रथम व्यवहारात भासली. अ‍ॅलन ट्यूरिंग यांनी १९४६ साली सादर केलेल्या संगणक-अहवालात, उपकार्यक्रम संपल्यावर कोठे परतावयाचे ते पत्ते ‘पुरून’ ठेवण्याची व क्रमाने ‘उकरून’ काढण्याची योजना होती. १९५७ साली म्युनिकमध्ये फ्रीड्रिख बाउअर व क्लाउस झामेलझोन यांनी कंसयुक्त सूत्रे सोडविण्यासाठी अशाच युक्तीच्या पेटंटचा अर्ज केला. तिला त्यांनी ‘तळघर’ म्हटले. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात चार्ल्स हॅम्ब्लिन हे तत्त्वज्ञ स्वतंत्रपणे तेथवर पोचले. झामेलझोन १९८० साली निवर्तले. १९८८ चा संगणक-अग्रणी सन्मान बाउअर यांनाच तेवढा लाभला.

सिद्धान्ताची बाजू भाषाविचारातून आली. नोम चॉम्स्की यांनी १९५९ साली व्याकरणांची श्रेणी मांडली. संदर्भमुक्त व्याकरणाने घडणाऱ्या भाषा आणि मर्यादित अवस्था व एकच उतरंड असलेल्या यंत्राला ओळखता येणाऱ्या भाषा एकच आहेत, हे १९६२ च्या सुमारास सिद्ध झाले. उघडणारा कंस दिसताच उतरंडीवर खूण ठेवावी, मिटणारा येताच ती उतरवावी. अखेरीस उतरंड रिकामी झाली तर कंस जुळले. उतरंडीवाचून मर्यादित अवस्थांच्या यंत्राला हे कितीही खोल कंसांसाठी साधत नाही.

परंतु जितके ‘अ’ तितकेच ‘ब’ आणि तितकेच ‘क’ आहेत काय, हे या यंत्राला ठरविता येत नाही. ‘ब’ मोजतानाच उतरंड रिती होते. ‘क’साठी साक्षीदार उरत नाही. येथे दुसरी उतरंड दिली की चमत्कार घडतो. ट्यूरिंग यांनी १९३६ साली कल्पिलेल्या फितीचा डावा भाग एकीवर व उजवा दुसरीवर रचता येतो. यंत्र कोणत्याही संगणकाच्या तोडीचे होते. तिसरीने या सामर्थ्यात काहीच भर पडत नाही.

मात्र या सामर्थ्याचे मोल द्यावे लागते. एका उतरंडीचे यंत्र दिलेले वाक्य स्वीकारील की नाही, हे नेहमी ठरविता येते. दोन उतरंडींच्या यंत्राबाबत, ते कधी थांबेल की नाही, हे सांगणारी सार्वत्रिक रीत असूच शकत नाही. म्हणूनच संगणकभाषांची वाक्यरचना तपासण्याचे काम शास्त्रज्ञांनी बव्हंशी एका उतरंडीवर भागविले. अधिक शक्ती हाताशी असूनही खात्री देणारे साधन निवडणे, हा विवेक या इतिहासातून घेण्याजोगा आहे.