रामवाडी

रामवाडी : महाराष्ट्राच्या रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यात, पेण शहरास अगदी लागून, मुंबई–गोवा राष्ट्रीय महामार्गावर असलेली वस्ती. आकारमानाने ती लहान आहे; परंतु राज्य परिवहन महामंडळाच्या रायगड विभागाची कचेरी आणि महामार्गालगतचे एस.टी. स्थानक येथेच असल्यामुळे कोकणात जाणाऱ्या-येणाऱ्या उतारूंना हे नाव पेणइतकेच परिचयाचे झाले आहे. दुर्दैवाने हा परिचय बहुधा चहाच्या थांब्यापुरताच राहतो. आणि ज्या मुलखाचा हा उंबरठा, तो पेण-रोह्याचा मुलूख गाडीच्या खिडकीतूनच मागे पडतो. वास्तविक सवड असलेल्या प्रवाशाने येथे उतरावे, एखादा मुक्काम करावा, आणि मगच पुढची वाट धरावी, इतकी या परिसराची योग्यता निःसंशय आहे.

पूर्वी मुंबईहून पेणला येणारा मनुष्य आगबोटीने धरमतर बंदरास उतरून पुढे खुष्कीने येई, आणि भोगावतीच्या खाडीवरील अंतोरे हे पेणचे स्वतःचे बंदर होते. आज रस्ता आणि लोहमार्ग ही दोनच मुख्य साधने उरली आहेत. पनवेलहून अंतर सुमारे तीस किलोमीटर आहे. लांब पल्ल्याच्या पुष्कळ गाड्या शहरातील स्थानकात न शिरता रामवाडीहूनच पुढे जात असल्यामुळे, आपली गाडी कोठे थांबणार याची चौकशी वाहकाकडे आधीच करावी. रामवाडीहून शहरात जाण्यास रिक्षा मिळतात. दिवा–रोहा मार्गावरील पॅसेंजर गाड्या पेण स्थानकात थांबतात, आणि ज्यांना महामार्गावरील खोळंब्याचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी तोच पर्याय श्रेयस्कर होय. अलिबागकडे जाणाऱ्याने वडखळ नाक्याशी मुख्य रस्ता सोडावयाचा असतो. नागोठणे, पाली व रोहे यांकरिता मात्र सरळ दक्षिणेची वाट धरावी लागते.

पेणची कीर्ती गणेशमूर्तींमुळे देशोदेशी गेली आहे. शहरातील आळ्यांतून, तसेच जवळच्या हमरापूर, जोहे या गावांतून मूर्तींचे कारखाने वर्षभर चालू असतात. शाडूच्या व प्लास्टरच्या मूर्ती साच्यांतून निघतात, वाळतात, घासल्या जातात, रंगतात, आणि अखेरीस डोळ्यांची आखणी ज्याच्या हाती सोपविलेली असते तो कसबी कारागीर कुंचला उचलतो. हे काम पाहण्यासारखे आहे, हे शब्द अपुरे वाटावेत इतके ते एकाग्रतेचे असते. म्हणून पाहणाऱ्याने परवानगी घेऊन आत जावे, ओल्या मूर्तीस हात लावू नये, आणि आखणी चालू असता कारागिराशी बोलू नये. गणेशचतुर्थीच्या आधीच्या आठवड्यांत मूर्ती रवाना करण्याची धांदल असते. कला निवांतपणे पाहावयाची तर हिवाळ्यात किंवा उन्हाळ्याच्या आरंभी यावे. परत जाताना पेणचे पोहे व पापड घ्यावेत. विनोबा भावे यांचे जन्मस्थान गागोदे (११ सप्टेंबर १८९५) याच तालुक्यात असून, तेथे जाण्यासाठी स्वतंत्र वाहन ठरविणे सोयीचे पडते.

नागोठण्यापुढे भिसे खिंड ओलांडली की कुंडलिकेच्या काठचे रोहे लागते. भारतीय रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे बालपण या गावाशी निगडित आहे, आणि येथील ग्रामदैवत धावीर महाराजांच्या पालखीस पोलिसांची सशस्त्र मानवंदना देण्याचा रिवाज अद्याप पाळला जातो. कोकण रेल्वेचा आरंभ येथूनच होतो. कुंडलिकेस उन्हाळ्यातही पाणी असते, याचे कारण सह्याद्रीमाथ्यावरील मुळशीच्या धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून खाली उतरून तिच्या पात्रात सोडले जाते. कोलाडजवळ रबरी होड्यांतून जो जलप्रवास करवितात, तो या सोडलेल्या पाण्यावरच अवलंबून असल्यामुळे त्यासाठी सकाळीच पोहोचावे. हीच नदी पुढे रेवदंड्याच्या खाडीतून समुद्रास मिळते. पोर्तुगीज या मुखावर १७४० पर्यंत अंमल गाजवून होते, आणि तेथील कोर्लई गावात पोर्तुगीजपासून निपजलेली बोली आजही बोलली जाते.

भोजनाच्या बाबतीत खारेपाटातील तळ्यांत वाढलेला जिताडा हा मासा आणि थंडीत वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात, मातीच्या मडक्यात भाजून केलेली पोपटी, ही दोन्ही चुकवू नयेत.

ऋतूची निवड मात्र विचारपूर्वक करावी. आषाढ-श्रावणात येथे पाऊस अतोनात पडतो. आंबा नदीला येणारा पूर किती भयंकर असतो हे जुलै १९८९ मध्ये जांभूळपाडा व नागोठणे या गावांनी भोगले आहे. यास्तव पावसाळ्यात नागोठण्याकडे निघण्यापूर्वी रस्ता खुला असल्याची खातरजमा स्थानकावर अवश्य करावी, आणि रस्त्यावर पाणी चढले असता वाहन त्यात घालू नये. गणेशचतुर्थीच्या आदल्या आठवड्यात चाकरमान्यांच्या गर्दीने महामार्ग तुंबून जातो. त्या दिवसांत केवळ हौसेखातर येणाऱ्याने आपला बेत पुढे ढकलावा आणि रस्ता गावी निघालेल्यांसाठी मोकळा ठेवावा.